कडेवरचें मूल आणि गर्दीचा डबा

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचकभगिनीचें पत्र होतें. पत्र लहान, अक्षर सुवाच्य, आणि तक्रारीचा सूर त्यांत मुळींच नाहीं. म्हणूनच तें आम्हीं दोनदां वाचलें. ह्या भगिनी मुंबईच्या एका उपनगरांत, सासूसासरे, दीर-जाऊ व त्यांचीं मुलें अशा भरल्या घरांत राहतात आणि फोर्टांतील एका कचेरींत नोकरी करतात. बाळंतपणाची रजा संपून त्या कामावर रुजू झाल्या, तेव्हां मुलाला सासूबाई सांभाळीत असत. परंतु मध्यंतरीं सासूबाई न्हाणीघरांत घसरून पडल्या, मांडीचें हाड मोडलें, आणि त्यांचीच शुश्रूषा करण्याची वेळ आली. जाऊबाईंची शाळा सकाळची. कचेरींत पाळणाघर आहे. तेव्हां सर्वांच्या विचारें असें ठरलें कीं, सासूबाई हिंडूंफिरूं लागेपर्यंत आठ महिन्यांच्या मुलाला आईनेंच बरोबर न्यावें.

पुढचें त्यांच्याच शब्दांत देतों: "दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशीं बायकांच्या डब्यांत दाराजवळच उभी होतें. बाळ उकाड्यानें रडूं लागलें. एक बाई म्हणाल्या, 'ऑफिसच्या वेळेला पोराला घेऊन चढायचंच कशाला?' दुसऱ्या म्हणाल्या, 'एवढं होत नाहीं तर घरीं बसावं.' कोणी शिवी दिली नाहीं, कोणी धक्का मारला नाहीं. पण मला एकाएकीं असें वाटलें कीं, आपण कांहीं तरी गुन्हा केला आहे. पुढच्या स्टेशनावर मी उतरलें, बाकावर बसून बाळाला पाजलें आणि परतीच्या गाडीनें घरीं आलें. आतां मीं नोकरी सोडावी असें घरांतील कांहीं मंडळींचें मत पडत आहे. माझें अजून ठरत नाहीं. चूक कोणाची, एवढेंच मला आपणांस विचारावयाचें आहे."

प्रश्न दोन शब्दांचा आहे. परंतु उत्तर देऊं लागलें म्हणजे तें त्या डब्यापुरतें राहत नाहीं, आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोंचतें. म्हणून ह्या महिन्यांत इतर विषय बाजूस ठेवून ह्या एकाच गोष्टीचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या दोन बायांची बाजू. त्या येथें उत्तर द्यावयास हजर नाहींत, म्हणून त्यांचें म्हणणें आधीं मांडणें न्यायाचें होईल. मुंबईच्या लोकल गाड्यांतून रोज ६० लाखांहून अधिक माणसें प्रवास करतात. ऐन गर्दीच्या वेळीं दर चौरस मीटर जागेंत १४ ते १६ माणसें उभीं असतात, असा हिशेब ह्या गाड्यांच्या बाबतींत नेहमीं सांगितला जातो. एक चौरस मीटर म्हणजे एका माणसानें पाटावर जेवावयास बसावें एवढी जागा. तेवढींत पंधरा जणी, त्यांच्या पिशव्या आणि त्यांच्या छत्र्या. गाडी स्टेशनांत थांबते ती अर्ध्या मिनिटाच्या आंतबाहेर. जी बाई पहांटे साडेचारला उठून, पाणी भरून, घरांतल्यांचे डबे करून, मुलांना शाळेच्या वाटेला लावून धांवत गाडी गांठते, आणि पांच मिनिटें उशीर झाला तर जिच्या नांवापुढें लेट मार्क पडतो, तिला रडणाऱ्या मुलांत मूल दिसत नाहीं. आणखी एक अडचण दिसते. तिच्या मनांत दुष्टावा असतो असें आम्हांस वाटत नाहीं. ती थकलेली असते, आणि थकलेल्या माणसाला उपदेश करण्याचा अधिकार घरांत पंख्याखालीं बसून लिहिणाऱ्या आम्हांसारख्यांस फारसा पोहोंचत नाहीं.

शिवाय जागा देणें हें बाहेरून दिसतें तितकें सरळ नसतें. बायकांच्या डब्यांत जागेचा एक अलिखित कायदा आहे. चढणारी बाई बसलेलीला विचारते, "कुठं उतरणार?" ती 'घाटकोपर' किंवा 'दादर' म्हणते, आणि त्या क्षणापासून ती जागा विचारणारीच्या नांवावर लागते. कधीं कधीं तिच्यामागें तिसरीनेंही नंबर लावून ठेवलेला असतो. तिघींच्या बाकावर चौथी अर्धीमुर्धी टेकते, तोही तिचा मान्य झालेला हक्क. अशा वेळीं मूल घेतलेली बाई आंत आली आणि बसलेलीच्या मनांत उठावयाचें आलें, तरी ती जागा तिच्या एकटीची राहिलेली नसते. अर्धा तास दांडीला धरून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या कोणाची तरी ती झालेली असते. दान एकीनें करावें आणि तूट दुसरीनें सोसावी, असा तो व्यवहार होतो. म्हणून प्रत्येक बाई दुसरीच्या तोंडाकडे पाहते, आणि तेवढ्यांत तीन स्टेशनें निघून जातात.

एवढें त्यांच्या बाजूनें झालें. आतां मुलाच्या बाजूनें बोलूं, कारण त्याला स्वतःला बोलतां येत नाहीं. आठ महिन्यांचें मूल साधारणपणें आठ किलो वजनाचें असतें. तें एका हातानें तोलावयाचें, दुसऱ्या हातानें वरची कडी धरावयाची, आणि खांद्याला त्याच्या दुपट्यांची व दुधाची पिशवी. तान्ह्या मुलाला उष्मा मोठ्या माणसापेक्षां लौकर बाधतो. भोंवतीं अनोळखी अंगें दाटलेलीं. वाऱ्याची झुळूक नाहीं. आईच्या हातांचा ताण त्याला समजतो. तें रडतें ह्यांत नवल नाहीं. अशा मुलाला घेऊन आईला बसावयास मिळालें आणि खिडकीचा वारा लागला, तर बहुधा दोन स्टेशनांच्या आंत तें गप्प होतें, हें कोणत्याही अनुभवी आईला विचारून पाहावें. म्हणजे ज्या रडण्याचा साऱ्या डब्याला त्रास, त्याचा उपायही डब्याच्याच हातीं असतो.

आतां राहिला तो प्रश्न: गर्दीच्या वेळीं मुलाला आणावेंच कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांस असें वाटतें कीं, आई हौसेनें निघाली आहे. वस्तुस्थिति वेगळी आहे. २०१७ सालीं प्रसूतिलाभाच्या कायद्यांत सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांच्या वेळची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, आणि ५० अथवा अधिक माणसें कामावर असणाऱ्या संस्थांनीं पाळणाघराची सोय करावी असें ठरलें. कायदा चांगलाच आहे, आणि तो झाला तेव्हां आपल्या घराघरांतून त्याचें स्वागत झालें. परंतु त्याची स्तुति करणाऱ्या आपण सर्वांनीं एक लहानशी गोष्ट गृहीत धरली. पाळणाघर कचेरीजवळ, घर तेथून तास-दीड तासाच्या अंतरावर, आणि कचेरी उघडण्याची वेळ सर्वांची एकच. मग मूल पाळणाघरापर्यंत जावयाचें कसें? तें ऐन गर्दीच्या गाडीनेंच जाणार. रोज टॅक्सी करणें मध्यम स्थितीच्या घराला झेपणारें नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत मुंबईंत पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली. तिचीं दारें बंद होतात व आंत उकाडा नसतो हें खरें, पण तिचें तिकीट महाग, फेऱ्या मोजक्या, आणि गर्दी तिलाही चुकलेली नाहीं. तेव्हां कायद्यानें जी सोय कचेरींत करून ठेवली, ती गांठावयाची वाट आपल्या बोलण्यानें आपण बंद करीत आहों, एवढें तरी त्या दोन भगिनींनीं ध्यानांत घ्यावें.

रेल्वेचा इतिहास पाहिला तरी हीच उणीव दिसते. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली उतारूंची गाडी गेली. १८९० च्या रेल्वे कायद्यानें प्रत्येक उतारूंच्या गाडींत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक भाग बायकांसाठीं राखून ठेवण्याचें बंधन घातलें, आणि १९८९ च्या कायद्यांतही बायकांसाठीं जागा राखण्याचें कलम कायम राहिलें. १९९२ च्या मे महिन्यांत चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ बायकांची गाडी सुरू झाली. ह्या साऱ्या व्यवस्थेमागें बाईला पुरुषांच्या धक्क्यापासून सोडवावें हा विचार होता, आणि तो अगदीं अवश्य होता. परंतु बाईच्या कडेवर मूलही असतें, हा विचार झाला तो मुख्यतः भाड्यापुरता. पांच वर्षांखालील मुलाला तिकीट नाहीं. आणि ज्याला तिकीट नाहीं त्याला जागाही नाहीं, असा पुढचा अर्थ लोकांनीं आपल्या मनानें लावून घेतला.

गंमत अशी कीं, ह्याच डब्यांत मुलाचें कौतुक कमी असतें असें नाहीं. नवरात्रांत रोजच्या ठरलेल्या रंगाचीं लुगडीं नेसून ह्याच बायका येतात. दसऱ्याला डब्याला हार-तोरणें बांधतात. संक्रांतीला तिळगूळ वांटतात. आपल्या ग्रुपमधील एखादी गरोदर असली, तर धांवत्या गाडींत तिचें डोहाळजेवण करतात, तिची ओटी भरतात, तिच्यासाठीं घरून गोडधोड करून आणतात, आणि नऊ महिने तिची जागा राखतात. पोटांतल्या मुलाची इतकी काळजी घेणारा हाच डबा कडेवरच्या मुलाला मात्र परकें समजतो. कारण शोधूं गेल्यास एकच सांपडतें. डोहाळजेवण ओळखीच्या बाईचें असतें. कडेवर रडणारें मूल अनोळखी बाईचें. आपली माया ओळखीच्या कुंपणापर्यंत जाते आणि तेथेंच थांबते. हें कुंपण कोणी रेल्वेनें घातलेलें नाहीं. तें आपण घरून घेऊन येतों.

हें पत्र आम्हीं घरांत वाचून दाखविलें, तेव्हां आमच्या आत्याबाई, ज्यांचें वय आज ऐंशीच्या पलीकडे आहे, एकदम म्हणाल्या, "अहो, आमच्या वेळीं आधीं पोर आंत, मग ट्रंक, आणि सगळ्यांच्या शेवटीं आई!" त्या तरुणपणीं पॅसेंजर गाडीनें माहेरीं जात, तेव्हांची ही गोष्ट. कित्येक डब्यांच्या खिडक्यांस गज नसत. फलाटावरून मूल खिडकींतून आंत द्यावयाचें, आंतली कोणी तरी बाई तें घ्यावयाची, आणि आई दारांतून रेटारेटी करीत आंत पोहोंचेपर्यंत तें दोन-चार मांड्यांवरून हिंडून, कोणाची तरी खारीक चघळीत बसलेलें असावयाचें. लांबच्या प्रवासांत दोन बाकांच्या मधें जुन्या लुगड्याची झोळी बांधीत, आणि जाणारे-येणारे तिला झोका देत. "मूल डब्यांत आलं म्हणजे तें डब्याचं," असा आत्याबाईंचा सिद्धान्त.

ऐकावयास हें फार गोड वाटतें. तथापि आम्हीं त्यांस विचारलें, "आत्या, तुम्ही कोणाचंही मूल घेत होतां?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुष्कळदां घेत होतें. पण आधीं आडनांव विचारीत होतें." आत्याबाईंचा हा प्रामाणिकपणा आम्हांस त्यांच्या गोष्टीहून अधिक मोलाचा वाटतो. जुन्या काळच्या प्रेमळ डब्याची जी आठवण आपण काढतों, त्या डब्यांत आडनांव विचारून मांडी पुढें करणारे लोक होते, आणि ते आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या घरांतले होते. कोण्या आईनें आपलें आडनांव न सांगतां मूल तसेंच कडेवर धरून रात्र काढली असेल, तिचें पत्र आमच्याकडे आलेलें नाहीं. तेव्हां पूर्वीं सारें चांगलें होतें असें म्हणण्यापेक्षां, पूर्वीं जें थोड्यांस मिळे तें आतां सर्वांस मिळावें, असें म्हणणें आम्हांस अधिक बरोबर वाटतें.

पुरुषमंडळी येथवर वाचून स्वस्थ बसलीं असतील, तर त्यांचीही पाळी आहे. लहान मुलाला घेऊन बाप जनरल डब्यांत चढला, म्हणजे काय होतें तें पाहण्यासारखें असतें. दोघे-तिघे सरकून जागा करतात, कोणी पिशवी धरतो, कोणी मुलाला हंसवतो, आणि "वा, काय सांभाळतात हो!" असा शेराही मिळतो. तेंच मूल आईच्या कडेवर असलें कीं, तिच्या नियोजनांतील चूक शोधली जाते. बाप मूल नेतो तें कौतुक, आणि आई नेते तें तिचें काम. आणि काम नीट होत नाहीं असें दिसलें कीं बोलावयास सर्वांस मोकळीक. दुसरी गोष्ट, बापाला कितीही इच्छा असली तरी आपल्या लहान मुलीला घेऊन त्याला बायकांच्या डब्यांत जातां येत नाहीं, आणि जनरल डब्यांतील रेटा लहान मुलाला सोसणारा नसतो. म्हणून मूल नेण्याचें ओझें पुन्हा आईकडेच येतें. ह्या पत्रांतील भगिनींच्या यजमानांची कचेरी कोठें आहे तें पत्रांत नाहीं. परंतु मुलाला नेण्याचा प्रश्न निघाला तेव्हां त्यांचें नांव घरांत कोणाच्या तोंडीं आलें होतें काय, हें विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

दुसऱ्यांस इतकें सांगितलें, तर आपलेंही सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याहून मुंबईस येतांना, आम्हीं खिडकीशीं वर्तमानपत्र उघडून बसलों होतों. एका स्टेशनावर एक बाई चढली. कडेवर वर्षाचें मूल, मूल पेंगुळलेलें. ती आमच्या बाकाजवळ येऊन उभी राहिली. आम्हीं तिला पाहिलें होतें. तरी आम्हीं पान उलटलें आणि दुसऱ्या पानावरील अग्रलेख वाचावयास घेतला. उठण्याचें टाळतांना माणूस अग्रलेखही मन लावून वाचतो. शेवटीं समोरच्या बाकावरचा एक माणूस उठला. त्याच्या पायाशीं भाजीची मोठी टोपली होती, आणि तो बहुधा रात्रीपासून जागा असावा. त्यानें कांहीं न बोलतां तिला जागा दिली आणि टोपलीच्या कडेला टेकून उभा राहिला. त्या दिवशींच्या अग्रलेखांतलें एक अक्षरही आम्हांस आज आठवत नाहीं. तो माणूस मात्र आठवतो. म्हणून ह्या लेखांत आम्ही जें सांगत आहों तें उंचावरून सांगितलेलें आहे, असें कोणी समजूं नये.

मुलें घेऊन निघणाऱ्यांचींही कांहीं कर्तव्यें आहेत, आणि तीं न सांगितल्यास आमचें लिहिणें एकांगी होईल. बाकावर मुलाला बूट घालून उभें करूं नये. शेजारणीच्या कचेरीच्या कपड्यांस चिखल लागतो. मूल गप्प बसावें म्हणून मोबाइलवर गाणीं मोठ्यानें लावूं नयेत; एका मुलाच्या शांततेसाठीं पन्नास माणसांची शांतता मोडते. दुपटें बदलण्याचा प्रसंग आला तर घाण पिशवींत घालून बरोबर न्यावी. शक्य असेल तेव्हां गाडी जेथून सुटते तेथून चढावें, किंवा एक गाडी सोडून दुसरी धरावी. आणि जागा मिळाली तर देणारीकडे पाहून एक शब्द बोलावा. पुष्कळ जणी जागा देऊन पुन्हा देत नाहींत, त्याचें कारण मुलाचें रडणें नसतें. जागा घेणारीनें ती आपला हक्क म्हणून घेतली आणि मान वळवली, हें असतें.

दुसरीकडे लोक काय करतात, हेंही पाहण्यासारखें आहे. लंडनच्या भुयारी गाड्यांत २००५ पासून गरोदर स्त्रियांना एक पांढरा बिल्ला फुकट मिळतो. तो छातीवर लावला कीं, तोंडानें मागावें न लागतां जागा मिळावी असा हेतु. जपानांत अशाच तऱ्हेचें चिन्ह २००६ मध्यें निघालें. त्या देशांत बाबागाडी घेऊन आगगाडींत चढणाऱ्या आयांवर लोक डोळे वटारीत. पुढें २०१४ सालीं तेथील सरकारनें बाबागाडी न मिटतां गाडींत आणण्यास मोकळीक आहे असें ठरवून त्याचेंही चिन्ह काढलें. शिस्तीबद्दल ज्यांची ख्याति, त्या लोकांतही हा तंटा होताच, एवढें ह्यावरून समजतें. आपल्याकडे ८ मे २०२२ रोजीं लखनौ-दिल्ली लखनौ मेलच्या एका डब्यांत, खालच्या बर्थला जोडून तान्ह्या मुलाला निजवण्यासाठीं घडीचा लहानसा बर्थ प्रयोगादाखल बसविला. त्यापूर्वीं २०१६ मध्यें निवडक स्टेशनांवर मुलांसाठीं गरम दूध व खाणें पुरविण्याची 'जननी सेवा' ही योजना निघाली होती. ह्या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु बिल्ला असो वा बर्थ असो, शेजारी बसलेल्या माणसाची नजर बदलल्यावांचून त्यांचा उपयोग निम्माच होतो.

आपल्या एस्. टी. च्या स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या मातांसाठीं जो आडोसा केलेला असतो, त्याला 'हिरकणी कक्ष' असें नांव आहे. नांव फार समर्पक आहे. रायगडावर दूध विकावयास गेलेली गौळण, दिवस मावळल्यावर गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या मुलाच्या ओढीनें अंधारांत कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. ती गोष्ट आपण आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकांतून शिकवतों, गडावर गेलों कीं हिरकणीचा बुरूज दाखवतों, आणि आईच्या धैर्यानें आपले डोळे भरून येतात. त्या गोष्टींत एक मुद्दा आम्हांस हल्लीं फार बोंचतो. दरवाजा उघडला असता, तर तिला कडा उतरावा लागला नसता. आईच्या धाडसाचे बुरूज बांधणें चांगलेंच; पण वेळेवर दार उघडणें त्याहून सोपें आणि स्वस्त आहे.

तें दार कोणीं उघडावयाचें? आमच्या मतें आरंभ घरांतून व्हावा. आपलीं मुलें आपण प्रवासाला नेतों, तेव्हां "पळ, जागा धर!" हा पहिला धडा आपणच देतों, आणि सात वर्षांचा मुलगा बाकावर आडवा पडून सर्वांसाठीं जागा अडवतो, ह्याचें आपणांस कौतुक वाटतें. त्याच मुलाला "ह्या मावशींना बसूं दे, तूं माझ्या मांडीवर ये," असें एकदां सांगितलें, तर तो तें जन्मभर विसरत नाहीं. दुसरें, घरांतील सुनेनें मुलाला घेऊन बाहेर पडावयाचें ठरविलें, कीं "कशाला नेतेस पोराला?" हा प्रश्न डब्यांतील बाईच्या आधीं आपल्या ओटीवर विचारला जातो. डब्यांतील बाई तो कोठें शिकली, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहावें. तिसरें, नंबर लावण्याच्या त्या अलिखित कायद्यांत एक अलिखित कलम वाढवावें: मूल कडेवर असलेल्या बाईचा नंबर पहिला. सर्वांनीं मिळून एकदां मानलें, म्हणजे तूट कोणा एकीवर पडत नाहीं. ज्या ग्रुपमध्यें सकाळीं बसलेल्या बायका कांहीं स्टेशनांनंतर उठून उभ्या असलेल्यांस बसूं देतात, तेथें हें अगदीं सहज होण्यासारखें आहे. हे ग्रुप चालविणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकभगिनी आहेत. त्यांनीं मनावर घेतल्यास रेल्वेच्या कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाहीं.

आतां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस उत्तर. ताई, तुमची चूक नाहीं. त्या दोघींची आहे, पण ती थोडी आहे. त्या दमलेल्या होत्या, आणि तुमच्या सासूबाईंचें मोडलेलें हाड त्यांस दिसत नव्हतें. अधिक चूक आहे ती मुलाला एकट्या आईचें समजणाऱ्या आपणां सर्वांची. नोकरी सोडावी कीं नाहीं हें तुमचें तुम्ही ठरवावें. परंतु एका सकाळच्या दोन वाक्यांवरून तें ठरवूं नये, आणि घरांतील मंडळींनींही तें त्या वाक्यांच्या आधारें ठरवूं नये. तुमच्या यजमानांनीं व दिरांनीं आठवड्यांतून दोन-दोन दिवस मुलाला पाळणाघरापर्यंत पोहोंचविण्याचें मनावर घ्यावें. जनरल डब्याचा रेटा टाळावयाचा तर गाडी सुटते त्या स्टेशनावरून लौकरची गाडी धरावी, आणि कचेरीला जरा आधीं पोहोंचावें. कचेरींत विनंति करून कांहीं आठवडे तास अर्धा तास उशिराची वेळ मागून पाहा. मागितल्यावांचून हें मिळत नाहीं, आणि मागितल्यास कित्येकदां मिळतें. आणि गाडींत चढल्यावर दाराशीं उभ्या राहूं नका. आंत जाऊन, बसलेल्या एखाद्या बाईकडे सरळ पाहून, "ताई, बाळाला घेऊन दादरपर्यंत बसूं का?" असें विचारा. साऱ्या डब्याला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर कोणीच देत नाहीं. एकीला विचारलेल्या प्रश्नाचें ती बहुधा देते.

आमच्या आत्याबाईंनीं तुम्हांस एक निरोप सांगितला आहे. त्या म्हणाल्या, "तिला लिहा, कीं मी त्या डब्यांत असतें तर पोर आधीं घेतलं असतं." मग क्षणभर थांबून त्यांनीं पुढें सांगितलें, "आणि आडनांव विचारलं नसतं." सासूबाईंची प्रकृति कशी आहे, तें अवश्य कळवावें.